हात सोडा, कॅप्टनसाहेब!

खिडकी नसलेल्या खोलीत दोन गोष्टी साचतात: सोल्डरिंगचा धूर आणि किस्से. धुरासाठी आम्ही पंखा लावला. किश्श्यांना काय लावणार? म्हणून सांगूनच टाकते!

हैदराबादच्या मलकपेठेत एका किराणा दुकानाच्या मागे आमचं वर्कशॉप आहे. माणसं तीन. मी प्रज्ञा, प्रोग्राम लिहिते. विलास मोटर आणि ब्रॅकेट बसवतो, इम्रान सर्किट करतो. तिघांनी बऱ्यापैकी नोकऱ्या सोडल्या आणि हौशी लोकांच्या दोन सीटच्या छोट्या विमानांसाठी ऑटोपायलट करायला घेतला. पायलटनं बटण दाबलं की आमचा डबा विमान ठरल्या उंचीवर, ठरल्या दिशेनं नेणार. परदेशी ऑटोपायलटची किंमत ऐकून माणूस विमानच विकायला काढतो. आमचा मात्र एका बऱ्या मोटारसायकलच्या भावात!

शहराबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबनं शब्द दिला होता. त्यांच्या कॅप्टननं दोन्ही हात सोडून हवेत एक अख्खी फेरी मारली, तर क्लबच्या सगळ्या विमानांत आमचा डबा बसणार. नाही मारली, तर आमचं दुकान बंद. एवढं सरळ होतं.

*

आम्ही मूळचे नांदेडकडचे. आजोबांनी घरात बाबासाहेबांचा फोटो लावला आणि सांगितलं, शिका आणि पर्मनंट नोकरी धरा. मी शिकले आणि पर्मनंट नोकरी सोडली! नल्लकुंट्याच्या मावशीनं आठवडाभर फोन उचलला नाही.

आईनं फक्त विचारलं, "विकणार काय?"

"स्वस्त ऑटोपायलट."

"स्वस्त म्हणू नको गं! स्वस्त चप्पल लोक घेतात, स्वस्त विमानात कोण बसेल? परवडणारा म्हण."

आमच्या मार्केटिंगवर तेवढंच काम झालंय. अजून त्यावरच भागतंय.

*

एका प्रदर्शनात ब्लेझरवाले एक गृहस्थ स्टॉलवर आले. विलासला म्हणाले, "डिझाइन कुणाचं?" विलासनं माझ्याकडे बोट केलं. त्यांनी इम्रानकडे पाहिलं. इम्राननंही माझ्याकडेच बोट केलं. मग नाइलाजानं माझ्याकडे वळले.

"वा, छान! कुठून कॉपी केलंत?"

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "सर, कॉपी केलं असतं तर पहिल्याच दिवशी चाललं असतं! आमचं स्वतःचं आहे, म्हणून दोन वर्षं बिघडतंय."

गृहस्थ पुढच्या स्टॉलवर गेले. विलास म्हणाला, गिऱ्हाईक घालवलंस. घालवलं तर घालवलं!

*

उड्डाणाची परवानगी येईपर्यंत डबा तपासायचा कुठे? इम्रानच्या मामूंच्या ऑटोत! टपाला डबा बांधला आणि चादरघाटकडे निघालो. प्रत्येक खड्ड्याला डबा भोंगा वाजवायचा: विमान पडतंय, विमान पडतंय!

मामूंनी ऑटो बाजूला घेतला. "बीस साल से मेरा आटो गिरा नै. ये डब्बा एक फेरे में चार बार गिरा दिया!"

विलासनं डब्याखाली रबराच्या गाद्या बसवल्या, मी प्रोग्राम बदलला, आणि पुन्हा त्याच रस्त्यानं फिरलो. शेवटी डबा गप्प बसला. जो मामूंच्या ऑटोत घाबरत नाही तो हवेत काय घाबरणार, असं आम्ही तेव्हापासून छातीठोकपणे सांगतो.

*

घरमालक रेड्डीगारूंना खोली बिर्याणी पॉइंटसाठी हवी होती. रेसकोर्स जवळच, आणि रेड्डीगारू घोड्यांचे शौकीन. एकदा दारात उभं राहून म्हणाले, "चूडम्मा, देखो, बिना जॉकी का घोडा पहला बी आया तो जीतता नै. बंद करो ये सब."

विलास टेबलाखालूनच म्हणाला, "जॉकी बैठा रहता, सर! बस, उसकू पानी पीने की फुरसत मिल जाती."

रेड्डीगारू हसले. पण जाताना बजावून गेले, "दिवाली तक ऑर्डर दिखाओ, नै तो रूम खाली करो."

*

इशाऱ्याचा आवाज इम्राननं चाचणीपुरता स्वतःचाच भरला होता. तो बदलायचा राहिला! उड्डाणाची परवानगी आली, आणि पहिल्याच फेरीत विमान जरा खाली आलं आणि कॅप्टनसाहेबांच्या हेडफोनमध्ये आवाज आला, "ओ हौले, नीचे कां जारा?" हौला म्हणजे आमच्या हैदराबादीत बावळट.

उतरले तेव्हा कॅप्टनचे कान लाल झालेले. "मेरेकू हौला बोला! मेरेकू!"

इम्रान मान खाली घालून म्हणाला, "सर, मगर बात तो सही बोला ना?"

झालं! कॅप्टननी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "इस डब्बे के भरोसे मैं हात नै छोडता." पुढच्या दोन फेऱ्यांत विमान डबाच चालवत होता, पण साहेबांचा हात काही कंट्रोलच्या दांड्यावरून हलला नाही. आणि दिवाळी तोंडावर आलेली.

*

क्लबनं दिलेल्या चौथ्या आणि शेवटच्या फेरीलाही मीच शेजारच्या सीटवर बसले. आमचा नियमच आहे, ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं बसायचं. विमान वर गेलं, मी बटण दाबलं. कॅप्टनचा हात दांड्यावर.

मी पिशवीतून सीताफळ काढलं. क्लबच्या फाटकाबाहेर टोपलीवालीकडून मुद्दाम सगळ्यात पिकलेलं घेतलं होतं, बोट लावलं की फुटेल असं. कॅप्टनना सीटवर साधी धूळ चालत नाही, हे सगळ्या क्लबला ठाऊक.

"कॅप्टनसाब, जल्दी पकडो, फूट रहा! सीट खराब होगी!"

त्यांनी घाईनं ओंजळ पुढे केली. मी त्यात सीताफळ ठेवलं.

कॅप्टननी माझ्याकडे रागानं पाहिलं, सीताफळाकडे पाहिलं, आणि खायला लागले. बियांसाठी मी रुमाल पुढे धरला. खाली तळं सरकलं. विमान आपणहून वळलं, सरळ झालं, पुन्हा वळलं. उंचीचा काटा जागचा हलला नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला रुमाल मात्र मोकळा नव्हता.

फेरी पूर्ण झाल्यावर कॅप्टननी कसेबसे हात पुसले आणि विमान स्वतः उतरवलं. क्लबचे सेक्रेटरी धावत आले. मागे विलास आणि इम्रान.

"कॅप्टनसाब, दोनों हात छोडे क्या?"

कॅप्टननी चिकट झालेली दहाही बोटं त्यांच्यासमोर धरली.

"सीताफल एक हात से कौन खाता जी?"