आबांनी खरा ठरवलेला बोल्ट

चौक गावचे आबा रायफल डोळ्यांनी पाहण्याआधी अंगठ्याच्या नखाने पाहत. समोर कोणतीही जुनी लष्करी रायफल ठेवा, ते प्रथम डोळे मिटून तिच्या नंबरावरून नख फिरवत आणि मगच खिशातले भिंग काढत. "नंबर वाचायचा नसतो रं, चाचपायचा असतो," असे त्यांचे म्हणणे. कारखान्यात ठसा मारून उमटवलेल्या आकड्याच्या कडा किंचित वर उचललेल्या असतात. मागाहून कोरलेल्या आकड्याच्या कडा सपाट लागतात. पलटणीच्या शस्त्रागारात उमेदीची वर्षे काढून आबा भातशेतीवर परतले होते, आणि रीतसर परवान्याने जुन्या रायफली जमवणे हा त्यांचा एकुलता एक शौक होता.

अशा आबांना आमच्या घरच्या रायफलीचा बनावट बोल्ट ओळखता आला नाही, असे कर्जतमध्ये आजही मिटक्या मारत सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या सकाळी आमच्या ओसरीवर नव्हता. मी होतो. म्हणून त्यांची कथा मी साफ खोटी ठरवतो.

आबा भिडस्त होते म्हणून गप्प बसले, अशी सारवासारव काही भले लोक करतात. तीही मला मान्य नाही. भीड त्यांच्या गावी नव्हती. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने मोठ्या ऐटीत जुनी संगीन दाखवायला आणली, तेव्हा आबांनी ती वाकवून सोडली, ती कशी परत उसळते ते पाहिले आणि भर चहाच्या टपरीवर म्हणाले, "लेका, ही लढाईवर गेली व्हती खरी, पण ट्रकखाली बसून. स्प्रिंगचा पाटा हाय हा!" दस्त्याच्या लाकडाचा ते वास घेत. काताच्या पाण्यात रंगवलेले नवे लाकूड नाकाला लागले की मालकाचे तोंड न पाहता रायफल परत करत. त्यांच्या तोंडून 'खोटं हाय' ऐकलेली माणसे खालापूरपासून नेरळपर्यंत होती आणि त्यातली निम्मी त्यांच्याशी बोलत नसत. आबांना त्याचा अभिमान होता. उगाच त्यांना साधेभोळे करू नका.

आमच्या आजोबांना, तात्यांना, पलटणीतून निघताना एका साहेबाने रायफल भेट दिली होती. दर खंडेनवमीला आबा आमच्याकडे येत, रायफल उघडून पुसत आणि नळीवरचा व बोल्टवरचा नंबर मोठ्याने वाचत. काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा भाग म्हणजे बोल्ट. दोन्ही नंबर एकच असले तर रायफल अस्सल. "जोड शाबूत!" असे आबा ओरडले की तात्या दोन्ही नंबरांवर हळदकुंकवाचे बोट लावत. त्यानंतरच आमच्या घरात सण सुरू होई.

त्या वर्षी तात्या अंथरुणाला खिळले होते. खाट ओसरीवर आणली होती. मी तेव्हा खोपोलीला नोकरीला लागलो होतो. पूजेचे ताट माझ्या हातात होते. आबांनी नळीवरचा नंबर वाचला, मग बोल्टवर नख ठेवले आणि ते नख तिथेच थांबले.

"काय रं आबा, जोड हाय ना?" तात्यांनी मान उचलली.

माझे काका, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शाबूत हाय तात्या," आबा म्हणाले. "तुमच्यापरीस ठणठणीत हाय."

तात्या हसले. त्यांचे बोट आबांनीच नंबरापर्यंत नेले.

पूजा आटोपल्यावर आबांनी नानांना गोठ्यामागे गाठले. मीही मागोमाग गेलो.

"बोल्ट कुठं हाय नाना?"

"पाताळगंगेत," नाना पुटपुटले. "डुकरामागं गेलतो, नदी वलांडताना बोल्ट काढून हातात धरला व्हता, तो सुटला. मोहोपाड्याला लेथवर नवा करून घेतला. जुना दिसावा म्हणून चिंच लावली, चहाच्या पाण्यात ठेवला, तेलाचा मळ भरला. तुमाला कसं कळलं?"

"कडा सपाट लागल्या. मग निरखून बघितलं. तात्यानं इतकी वरसं बोट लावलं, ते कुंकू आकड्यांच्या तळाला धरून बसलंय नळीवर. तुझ्या आकड्यांत मळ हाय, पण कुंकवाचा कण नाय. सगळं केलंस आन् आपल्याच घरचा सण इसरलास व्हय रं?"

नाना तोंडात उपरणे कोंबून रडले. तात्या दिवाळी पाहू शकले नाहीत.

पुढल्या वर्षी कर्जतचे एक हौशी वकील रायफल पाहायला आले. बोल्टवरच्या लेथच्या रेघा त्यांना दिसल्या आणि त्यांनी चारचौघांत आबांना विचारले, "काय आबा, भिंगाला मोतीबिंदू झाला वाटतं?"

"झाला असंल," आबा म्हणाले.

हे दोन शब्द आबांना फार महागात पडले. लोक रायफली वकिलांकडे नेऊ लागले. ज्यांना आबांनी खोटे ठरवले होते ते सगळे आपापल्या वस्तू पुन्हा भिंतीवर टांगून मोकळे झाले. तो पाटासुद्धा गॅरेजात संगीन म्हणून लटकू लागला. मी चिडून एकदा चौकला गेलो. "आबा, तुम्ही बोला, नाहीतर मी बोलतो."

"नाना हाय तवर त्वांड उघडायचं नाय," त्यांनी मला दरडावले. "त्याला तुमच्याच गावात ऱ्हायचं हाय. माझं काय, मी चौकला हाय."

नाना आबांच्याही मागे बरीच वर्षे जगले. गेल्या पावसाळ्यात तेही गेले, आणि म्हणून आज मी तोंड उघडले आहे.

आबांच्या अखेरच्या आजारात मी त्यांना विचारले, काही हवे आहे का? त्यांनी तात्यांची रायफल मागितली. परवाना तेव्हा माझ्या नावावर होता. मी ती नेली. आबा उशीला टेकून बसले, डोळे मिटले आणि बोल्टवर नख फिरवले. एकदा, मग पुन्हा एकदा, अगदी सावकाश. आणि मग ते एवढ्या मोठ्याने ओरडले की परसातल्या कोंबड्या फडफडल्या.

"खोटा हाय!"

ते खदखदून हसले, धाप लागेपर्यंत हसले. तो निकाल ऐकायला त्या खोलीत माझ्याखेरीज कोणीही नव्हते.