ताणावरची बाग

हवामान असंच बदलत गेलं तर तीस वर्षांनी नागपूरच्या आसपास काय पिकेल, कोणती जमीन कशाखाली जाईल आणि पाणी कुणाला पुरेल, हे कॉम्प्युटरवर काढणं हे माझं काम. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि सांगितलं की लोकांना ते फार भारी वाटतं. मी मात्र थकले आहे. कामाचा थकवा एक वेळ झोप काढून गेला असता, पण मला उत्तरांचाच वीट आलाय. काहीही घाला, उत्तर थोड्याफार फरकाने वाईटच निघतं, आणि नागपुरात सदर भागातल्या आमच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर बसून ते किती वाईट, एवढंच मी मोजते. चहा तेवढा वेळेवर येतो.

मी उमरेडच्या विणकरांच्या घरातली. माझे वडील नुसत्या बोटांनी चाचपून सुताचा नंबर सांगायचे, पण शेतातलं आमच्या घरात कुणालाच काही कळत नव्हतं. आमच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. शेती मी शिकले ती पुस्तकांतून आणि उपग्रहाच्या चित्रांतून, म्हणजे पार वरून. हे कुणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती.

मागच्या वर्षी आमच्याकडे एका तलावाचं काम आलं. पुढच्या काळात त्याचं पाणी कालव्याने कोणत्या गावांना देता येईल, याचं गणित मांडायचं होतं. त्यासाठी आधी कुठे बाग आणि कुठे पडीक, हे ठरवायला हवं. मी एक साधा नियम लिहिला. मे महिन्यात आभाळ स्वच्छ असतं, चित्रं चांगली मिळतात. तेव्हा मे महिन्यात जे हिरवं दिसेल ती बाग, जे वाळकं दिसेल ते पडीक. भर उन्हाळ्यात हिरवं राहायला पाणी लागतंच, नाही का? ऑफिसात सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग नकाशा खरा आहे का ते पाहायला मेअखेरीस कळमेश्वरच्या बाजूला गेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही ठिकाणं निवडलेली असतात, तिथे जाऊन नुसती खूण करायची. एका ठिकाणी माझ्या कागदावर ‘पडीक’ होतं आणि समोर संत्र्याची बाग उभी होती. झाडं मलूल, पानं वळलेली, खाली पाचोळा. मला वाटलं, बाग मेली.

सत्तरीचे एक गृहस्थ डोक्याला दुपट्टा गुंडाळून बांधावरून आले. बाग त्यांचीच होती.

“काहून बाई, माह्या बागेत काय पाहून राहिल्या?”

मी कागद दाखवला आणि तलावाचं पाणी कालव्याने कुणाला देता येईल ते पाहतेय, असं सांगितलं. त्यांनी तो लांब धरून वाचला.

“पडीक? तुमच्या कागदात मलेही मेलेला दाखवला का काय?” ते हसले. “ताणावर सोडली हाय बाग. मिरगाच्या बहारासाठी महिनाभर पानी तोडा लागते. झाडाले तहान लागू द्याची, मंग पहिल्या पान्यानं ते फुलते. इकडं लहान पोराले बी मालूम हाय.”

मला मालूम नव्हतं. तालुक्यातल्या सगळ्या अशा बागा ज्या महिन्यात मुद्दाम वाळवलेल्या असतात, नेमका तोच महिना मी धरला होता आणि त्या सगळ्या पुसून टाकल्या होत्या. लाजेने माझे कान तापले.

ते मला बागेच्या मागच्या अंगाला घेऊन गेले. तिथली जुनी झाडं डिंक्या रोगाने गेली होती, जागा मोकळी होती. “इथं नवीन कलमं लावाची हायत. पाच वर्षं फळ नाही, पर तोवर पानी तर पाह्यजेच. माही विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. कालव्याचं पानी येत असन तर लावतो, नाही तर ही जागा कापसाले देतो. तुमाले समजलं का सांगजा.”

“चूक माझी आहे, काका. मी ती दुरुस्त करते आणि फोन करते,” मी म्हणाले. त्यांनी लगेच नंबर दिला.

ऑफिसात प्रमुख म्हणाले, “एका बागेसाठी सगळं पुन्हा चालवायचं?” मी चिडले. एक नव्हे, शेकडो बागा आहेत, असं जरा मोठ्यानेच बोलले. शेवटी त्यांनी दोन महिने दिले, तेही उपकार केल्यासारखे. मी नियम बदलला, हिवाळ्याची चित्रं जोडली, आणि नकाशावर एकेक बाग उगवत गेली. काकांची बागही आली. ती एक दुपार मी खरंच खूश होते.

पुढचं गणित जुलैअखेरीस सुटलं. बागा वाढल्या तशी पाण्याची मागणी वाढली. तलाव होता तेवढाच राहिला. त्यात पुढच्या वर्षांचा पाऊस घातला, चार दिवसांत कोसळून मग महिनाभर तोंड फिरवणारा, आणि तापत जाणारे हिवाळे घातले. कालव्याच्या शेवटच्या टोकाची गावं कोरडी निघाली. काकांचं गाव त्यांत होतं. मी तीनदा तपासलं. चुकीच्या नकाशात त्यांना पाणी नव्हतं, बरोबर नकाशातही नव्हतं, आणि या वेळी भांडायला माझ्याकडे चूकही उरली नव्हती.

फोन मी आठ दिवस टाळला. रोज काहीतरी सबब सापडायची. शेवटी एका सकाळी केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की बाग आता कागदावर आहे, पण पाणी तिथवर पोचणार नाही.



“कलमं तर लावली म्या,” ते म्हणाले. “पंधरा दिस झाले. तुमी खुद्द येऊन पाहून गेल्या, चूक कबूल केली. म्या म्हटलं, आता आपलं काम झालं. कोन येते इतक्या उन्हात?”

त्यांना मी पाणी देते असं कधीच म्हटलं नव्हतं. पण उन्हात उभी राहून मान खाली घातली होती, आणि त्यांनी तेच वचन मानलं होतं.

“मंग उपटू का बाई? सगळ्याईले नवीन पानं फुटली हायत.”

उत्तर माझ्यासमोर पडद्यावर होतं, तीनदा तपासलेलं.

“नका उपटू, काका,” मी म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की मला स्वतःची भीती वाटली.