शिट्टीमावशींची पडायची सहल

एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. शिट्टीमावशींना मी फोनवर "बाबा नको म्हणतात" असं सांगितलं, तेव्हा मी बाबांना काही विचारलंच नव्हतं. ते आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते आणि त्यांचं 'नको' मी इकडे हॉलमध्ये उभ्या उभ्या परस्पर म्हणून टाकलं होतं.

शिट्टीमावशी म्हणजे पालघरच्या एका शाळेत जन्मभर पीटी शिकवलेल्या बाई. राहायला आमच्या बोईसरजवळ, बेटेगावला. निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. भाजी घ्यायला निघाल्या तरी पदरावर शिट्टी. रिक्षा थांबवायलासुद्धा त्या हात करत नसत. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले आवाज ऐकताच एकमेकांना ढोसायचे, "चल चल, मॅडम की सीटी बजी."

निवृत्तीनंतर त्यांनी उद्योग काढला तोही असाच अचाट. एकाच घरातल्या तीन-तीन, चार-चार पिढ्या गोळा करायच्या आणि त्यांना धाडसाच्या सहलीला न्यायचं. काळदुर्गावर चढायचं, केळव्याच्या सुरूच्या बनात तंबू ठोकायचे, दातिवऱ्याच्या खाडीत कयाक वल्हवायची. आणि हे सगळं आजी-आजोबांना शेजाऱ्यांकडे सोपवून नाही, त्यांना बरोबर घेऊन.

"सहल गुडघ्यापासून आखायची," असं त्या म्हणत. "घरातला सगळ्यात जुना गुडघा कोणाचा, त्याला आधी भेटायचं. पोरांचं काय, ती कुठंही उड्या मारतील." फोनवर विचारणं त्यांना चालत नसे. आजोबा खुर्चीत आणि या समोर फरशीवर मांडी घालून. वर बसून विचारलं की माणूस नको म्हणतो, खाली बसून विचारलं की निदान विचार करतो, असं त्यांचं ठाम मत होतं. माहीमच्या एका आजींना त्यांनी असंच विचारलं, तर आजी म्हणाल्या, "मला झाडावर चढायचंय. लग्नानंतर चढलेच नाही." झालं! ठरलेला काळदुर्ग रद्द. सगळं कुटुंब केळव्याच्या एका वाडीत गेलं, आजींना पट्टे, दोर, हेल्मेट चढवलं आणि आजी आंब्याच्या पहिल्या फांदीवर जाऊन बसल्या. मग काही केल्या खाली उतरेनात. शेवटी जेवणाचा डबा दोरीला बांधून वर पाठवावा लागला.

सहलीत मावशी म्हातारं माणूस आणि पोर अशी जोडी लावून देत. मधल्या पिढीला एकच काम. "मधल्यांनी सामान उचलायचं आणि गप्प बसायचं." मधले म्हणजे माझ्यासारखे, पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे, ज्यांच्या खिशात सगळ्यांच्या गोळ्या असतात आणि तोंडात सारखं 'जपून, जपून'. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "ए मधल्या!" एवढंच.

आमच्या घरी त्यांना आणलं माझ्या मुलीनं, ईशानं. तिला आजोबांबरोबर कयाकमध्ये बसायचं होतं. आणि मला बाबांना पाण्याजवळही न्यायचं नव्हतं.

त्याचं कारणही आता सांगून टाकतो. आई बाथरूममध्ये घसरली तेव्हा मी घरात होतो. आवाज मला ऐकू आला होता. बादली पडली असेल असं वाटलं आणि मी मॅच बघत राहिलो. आई त्यानंतर अंथरुणातून उठली नाही. तेव्हापासून बाबा खुर्चीतून नुसते हलले तरी माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "पडाल!" ते बाल्कनीत गेले की "पडाल", चप्पल शोधायला वाकले की "पडाल". हळूहळू बाबांनी हलणंच कमी केलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरं वाटायला लागलं.

'नको'चा तो फोन ठेवल्यावर तासाभरात दारात शिट्टी वाजली. मावशी आत आल्या त्या थेट बाबांसमोर फरशीवर बसल्या.

"भाऊ, तुम्ही नको म्हणालात म्हणे. का बरं?"

बाबांनी पेपर खाली केला. माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत होतो.

"म्हणालो होतो खरं," बाबा म्हणाले. "आता विचार बदललाय."

"मग काय करायचंय? खाडी, डोंगर, तंबू?"

बाबांनी पेपरची घडी घालून ती बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बाई, मला पडायचंय."

"म्हणजे?"

"हा दिवसभर मला पडाल, पडाल म्हणतो. ऐकून ऐकून जीव विटलाय माझा. एकदाचं पडायचंय. चांगलं धप्पकन."

मला वाटलं, आता तरी या बाई नाही म्हणतील. पण त्या उठल्या, बाबांच्या भोवती एक फेरी मारली, गुडघे दाबून पाहिले, डॉक्टरांचा फोन नंबर मागून घेतला आणि म्हणाल्या, "पाण्यात पाडू या. ईशा, गाद्या काढ."

कुठलीही सहल असो, मावशी तिची रंगीत तालीम घरातच घेत. त्या रविवारी आमच्या हॉलमध्ये घरातल्या सगळ्या गाद्या अंथरल्या गेल्या. शिट्टी वाजली की बाबांनी ईशाचा हात धरून कुशीवर कलंडायचं. पहिल्यांदा बाबा इतके हळू कलंडले की मावशी ओरडल्या, "भाऊ, हे पडणं नाही, ही वामकुक्षी झाली!" मग बायको पडली, ईशा पडली, शेजारचे पाटीलकाकाही "काय चाललंय" म्हणून डोकावले आणि पडून गेले. मी उश्या उचलत होतो. मला परवानगी नव्हती.

दातिवऱ्याला पोचलो तेव्हा भरती पुरी होत आली होती. मावशींनी खाडीतली जागा आधी स्वतः उतरून पाहिली होती, तळाला वाळू, पाणी कमरेएवढं. पाण्यात दोन्ही बाजूंना त्यांनी गावातल्या एका नाखव्याला आणि त्याच्या भावाला उभं केलं होतं. नाखवा हसून बेजार. "आजवर लोकांना बुडताना काडलं आमी. पाडायला कोनी सांगितलं नाय कदी." मग बाबांना म्हणाला, "आजोबा, बिनधास पडा. आमी हाव ना."

केशरी जॅकेट घातलेले बाबा पुढे आणि ईशा मागे. बाबांनी वल्हं छातीशी धरलं आणि एकदा मागे वळून किनाऱ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन गप्प उभा होतो.

शिट्टी वाजली. कयाक कलंडली. धप्पकन आवाज झाला.

तो आवाज ऐकला आणि मला पुढचं काही कळलं नाही. पिशव्या कुठे टाकल्या, धावलो कसा, काही आठवत नाही. मागून शिट्टीवर शिट्टी वाजत होती, "ए मधल्या, बाहेर हो! बाहेर हो म्हणते ना!" मी कपड्यांसकट, फोनसकट, सगळ्यांच्या गोळ्यांसकट पाण्यात आपटलो.

डोकं वर काढलं तेव्हा बाबा नाखव्याच्या हाताला धरून उभे होते. नाकातून पाणी गळत होतं आणि ते लहान पोरासारखे खिदळत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, तू का पडलास?"

मी रडत होतो, पण खाडीच्या पाण्यात ते कोणाला दिसलं नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं. मावशींनी टॉवेल देताना माझं डोकं जरा जास्तच वेळ पुसलं.

बाबा त्या दिवशी आणखी तीनदा पडले. मी 'पडाल' म्हणायचं सोडलं. आता ते रोज संध्याकाळी चौकापर्यंत एकटे जातात आणि परत येताना वडापाव खाऊन येतात. त्या 'नको'बद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

गेल्या वर्षी मावशींना अर्धांगाचा झटका आला. मुलीनं त्यांना केळव्याला स्वतःच्या घरी नेलं. बेटेगावच्या दाराला कुलूप आहे. यंदा आमची सहल ठरायला लागली तशी मी त्यांच्या मुलीला फोन केला, मावशींनाही घेऊन जाऊ या का म्हणून. ती बिचारी फार सांभाळते आईला. लगेच म्हणाली, "नाही हो दादा, आई नको म्हणते."

मागे कुठे तरी टीव्ही चालू होता. तिनं फोन बाजूला ठेवला नव्हता, आत कोणाला हाक मारली नव्हती. ते वाक्य मी ओळखतो. तरीही "बरं" म्हणून मी फोन ठेवला.

केळव्याला जाऊन, मावशींच्या खाटेसमोर फरशीवर बसून, "काय करायचंय?" हे त्यांना विचारणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.