हवालदारांची बरणी

कुठलंही भांडं समोर आलं की हवालदार आधी त्यात नाक घालायचे. नाक म्हणजे नुसतं नाक नव्हे, कानापर्यंत डोकं आत. डोळे मिटून थोडा वेळ तसेच राहायचे आणि बाहेर आले की विचारायचे, ‘‘आदी काय हुतं ह्यात?’’ एका लग्नात त्यांनी वरणाच्या पातेल्यालाही सोडलं नव्हतं. मुलीच्या बापाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. लोक त्याला हसतात आणि तो आला की जरा सरकून बसतात.

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी मुरूमजवळच्या एका गावात दूध सोसायटीच्या केंद्रावर कारकून होतो. जनावरं चारा छावणीत गेली होती, नाहीतर बाजारात. दूध यायचं ते कॅनचा तळ झाकण्यापुरतं. सकाळचं माप झालं की ओट्यावर बसून राहायचं. काम नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत अंग दमून जायचं. अशाच एका सकाळी एक उंच, वाळलेले, खाकी पँट घातलेले गृहस्थ आले. मला काही न विचारता त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या कॅनचं झाकण काढलं आणि डोकं आत घातलं.

‘‘काय पाहिजे मामा?’’

‘‘भांडं पाहिजे,’’ कॅनमधून आवाज घुमला. ‘‘पर हे चालायचं न्हाय. दुधाचा वास जात न्हाय ह्याचा. आन् आंबट घातलं की ते हा धातू खातंय.’’

‘‘आंबट कशाला घालताय?’’

‘‘बियर करायचीय.’’

मी आधी बाहेर कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हटलं, ‘‘मामा, त्याला परवाना लागतो. पोलीस हातभट्टी म्हणून उचलतील.’’

त्यांना रागच आला. ‘‘भट्टी? भट्टीचा काय संबंध? ज्वारीला मोड आणायचे, भाजायची, भरडायची, शिजवून आंबवायची. आंबिलीची थोरली भन समजा. आन् परवान्याचं म्हनाल तर, आदी भांडं तर मिळू द्या.’’

ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गावात त्यांचं नाव कोणी घेत नसे, हवालदारच म्हणत. उत्तरेकडच्या एका छावणीत त्यांच्या मेसमध्ये एक म्हातारा खानसामा होता. तो काचेच्या मोठ्या बरणीत सातूची बियर करायचा. एकदा त्यांची तुकडी सरहद्दीवरून परतली. जाताना होती त्याहून बरीच लहान होऊन परतली. खानसाम्यानं सगळ्यांना एकेक मग भरून दिला. ‘‘तसलं काय परत प्यालो न्हाय,’’ एवढंच ते सांगायचे. पुढचं विचारलं की उठून जायचे.

तेव्हा सगळा प्रश्न भांड्याचा होता. मातीचा रांजण त्यांनी करून पाहिला होता. तो पाझरायचा, आणि मागचा आंबटपणा मातीत मुरून बसायचा. शेवटी त्यातून जे निघालं ते मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, परसातल्या मुंग्यांवर ओतलं. पितळेचा हंडा मामी देईनात, आणि पितळेत आंबट कळकतं हे त्यांनाही माहीत होतं. मग एकदा सोलापूरच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी काचेचा मोठा बुधला मिळवला, वेताच्या टोपलीत बसवलेला. एसटीत तो मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, ह्याचं तिकीट काढा. वाद चालू असतानाच गाडी खड्ड्यात गेली. गावच्या फाट्यावर हवालदार उतरले तेव्हा हातात फक्त टोपली होती. ती त्यांनी मामींना दिली. मामी तिच्यात कांदे ठेवत.

शेवटी त्यांना बरणी मिळाली. सोलापुरातच एक खानावळ बंद पडली होती, तिथली लोणच्याची, चिनी मातीची, कमरेएवढी. आतून झिलई इतकी गुळगुळीत की बोट घसरायचं. हवालदारांनी ती राखेनं घासली, चिंचेच्या पाण्यानं धुतली, उन्हात पालथी घातली, आणि रोज तिच्यात डोकं घालून बघत राहिले. एक दिवस मला हाक मारून घरी नेलं. ‘‘बघा. काय वास येतो का?’’

मला काहीच आला नाही.

‘‘तेच! काहीच न्हाय,’’ ते म्हणाले आणि असे हसले की जणू घरात पाळणा हलला.

कडवटपणासाठी काडेचिराईत आणून ठेवलं होतं. मुरूमचा बेकरीवाला खमीर द्यायला तयार होता. पण विहीर आटली होती आणि गाव टँकरवर होतं. मी विचारलं, ‘‘मग कधी घालायची?’’

‘‘प्यायच्या पान्याची बियर करायला म्या काय साहेब हाय? पाऊस पडू द्या.’’

बरणी घराच्या कोपऱ्यात तोंडाला धुतलेलं धोतर बांधून उभी राहिली.

टँकर गावाला पाणी देऊन शेवटी बौद्धवाड्याकडे जायचा. तोवर बरंचसं पाणी संपलेलं असायचं. हवालदार टँकरबरोबर चालत जायचे, रांगा लावायचे, भांडणं सोडवायचे. तिथे एकदा, मीही बरोबर गेलो होतो तेव्हा, इंदूबाई नावाची बाई नवं पिंप घेऊन उभी होती. खडी फोडायच्या कामावरून आलेली, हातपाय धुळीनं पांढरे. पिंप भंगारवाल्याकडून घेतलेलं, निळं, चांगलं धुतलेलं. हवालदारांनी सवयीनं झाकण काढलं, डोकं आत घातलं, आणि झटकन बाहेर काढलं.

‘‘आदी काय हुतं ह्यात?’’

‘‘मला काय ठावं? चांगलं धुतलंय म्या.’’

‘‘फवारायचं औषध हुतं. ह्यात पानी भरायचं न्हाय.’’

‘‘मग कशात भरू?’’ इंदूबाई ओरडली. ‘‘घागर फुटली. घरात लेकरं हायती. टँकर परवा यील न्हायतर न्हाय. तुमी सांगा, पदरात भरू?’’

  पिंप उचलून हवालदारांनी दगडावर पालथं ठेवलं, दुसऱ्या दगडानं त्याचं बूड फोडलं आणि घराकडे चालू लागले. इंदूबाई मागून शिव्या देत होती. टँकरवाल्याला मी कसंबसं थांबवून धरलं. थोड्या वेळानं हवालदार बरणी पाठीशी बांधून, वाकून, धापा टाकत येताना दिसले. धोतर अजून तोंडाला तसंच होतं.

‘‘हितं भर,’’ ते म्हणाले.

नंतर काही लोकांनी त्यांना घरी येऊन विचारलं, एवढी चांगली बरणी तिकडं कशाला दिली? हवालदार म्हणाले, ‘‘पानी तिकडं हुतं म्हनून.’’ मामींनी त्या लोकांना चहा विचारला नाही.

पण सगळ्यांनी त्यांचं ऐकलं असं नाही. गावातल्याच एका घरात तसलं पिंप होतं. त्यांनी हवालदारांना दारातूनच परत पाठवलं होतं. आठवड्यात त्या घरातल्या पोरांना उलट्या सुरू झाल्या. उमरग्याच्या दवाखान्यात नेली, म्हणून वाचली. त्यानंतर मात्र लोक पिंपं, डबे, कॅन घेऊन हवालदारांच्या ओट्यावर येऊ लागले. ते सगळ्यांत डोकं घालायचे. काही भांडी फोडायला लावायचे, तेव्हा बायाबापड्या रडायच्या, कारण दुसरं काही नसायचं. उन्हाळा संपेपर्यंत हवालदारांचे डोळे आत गेले. रात्री जेवण जात नाही म्हणायचे. ‘‘समद्यालाच वास येतोय,’’ ते मला म्हणाले. ‘‘भाकरीला सुदिक.’’

त्या वर्षी पाऊस थोडा झाला, पण झाला. इंदूबाईनं बरणी डोक्यावरून आणून परत दिली. चुंबळ काढत तिनं विचारलं, ‘‘आता ह्यात ती बियर करनार व्हय?’’

‘‘व्हय.’’

‘‘आमच्यात ते चालत न्हाय, मामा. पर बरनी तुमची हाय,’’ असं म्हणून तिनं बरणीचा काठ पदरानं पुसला आणि गेली.

हवालदारांनी बियर केली. बरणी पोत्यात गुंडाळून ठेवली आणि तिला कान लावून बसायचे. आत बुडबुडे फुटत ते ऐकायचे. एका संध्याकाळी मला बोलावलं. गढूळ, पिवळट, वर थोडा फेस. मी घोट घेतला. कडू लागलं, मग आंबट, आणि मग ज्वारीच्या कण्यांसारखं काहीतरी. मामींनी पेल्याला ओठ लावले आणि म्हणाल्या, ‘‘ताक बरं की ह्यापरीस.’’

हवालदार हळूहळू पीत होते. मी विचारलं, ‘‘मेसमधली अशीच होती का?’’

त्यांनी पेल्यात नाक घातलं. ‘‘चव काय ध्येनात न्हाय आता,’’ ते म्हणाले. ‘‘मान्सं तेवढी ध्येनात हायती.’’ आणि पेला खाली ठेवून भिंतीला टेकले. परत त्यांनी बियर केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर सुरू झाला. एका दुपारी हवालदार रांग लावून घरी आले, उंबऱ्यावर बसले आणि बसल्या जागी गेले.

त्या दिवशीचं पाणी वाटून झालं होतं. घरात जेमतेम पिण्यापुरतं होतं. अंगणात माणसं जमली, पण शेवटच्या आंघोळीचं काय, हे मामींना विचारायला कोणाचं तोंड उघडेना. मी केंद्रावर काही मिळतं का बघायला निघालो, तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून बाया येताना दिसल्या. कोणाच्या हातात तांब्या, कोणाची कळशी अर्धी. बौद्धवाड्याकडूनही आल्या. इंदूबाई त्यांच्यात होती. कोणी कोणाला सांगितलं होतं असं नाही. एकेक जण यायची, घंगाळात ओतायची आणि बाजूला उभी राहायची.

मामी हवालदारांच्या उशाशी बसून होत्या. घंगाळ अर्धं भरलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

‘‘बास. तेवढं लई झालं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऱ्हायलेलं घरी न्या बायांनो. उद्या टँकर न्हाय.’’

बाया क्षणभर घुटमळल्या. मग ज्यांचं ओतायचं राहिलं होतं त्या माघारी वळल्या. उन्हात वारा सुटला होता, धूळ उडत होती. तांब्यांच्या तोंडावर तळहात झाकून, पाणी हिंदकळणार नाही अशा बेतानं, त्या हळूहळू चालत गेल्या.