आईचं हळदीचं लुगडं

गच्चीवर काहीही उघडं राहिलेलं आमच्या आईला, बनाबाईला, खपत नसे. कुरडया असोत, सांडगे असोत, वर पातळ फडकं पसरलंच पाहिजे. "उघडं टाकलं की कावळा धनी," असं ती म्हणायची.

१९९४च्या उन्हाळ्यात कराडच्या आमच्या त्या गच्चीवर क्षमाताईच्या काचेच्या वाट्या आल्या. माझी ही थोरली बहीण सांगलीला रसायनशास्त्रात संशोधन करत होती. टायटॅनियम डायऑक्साइड ही रंगात घालतात ती पांढरी पावडर. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात ढवळून उन्हात ठेवले की पाण्यातला रंग नाहीसा होतो. पण उन्हातला डोळ्यांना न दिसणारा थोडासा भागच तिला चालतो. ताईनं पावडरीत किंचित लोखंड मिसळलं होतं. साध्या उजेडावरही ती काम करील, एवढीच तिची आशा. म्हणून एका वाटीत विकतची पावडर, दुसरीत तिची, आणि दोन्हींत निळं पाणी.

या उन्हाळ्यात फरक दिसला नाही तर विषय बंद, असं गाईडांनी बजावलं होतं. विषय बंद झाला तर मामांनी तासगावचं स्थळ आणून ठेवलेलंच होतं, बेदाण्याच्या शेडसकट!

फरक दिसेना. उलट विकतचीच पावडर आधी पाणी नितळ करी. त्यात एकदा आईनं वाट्यांवर फडकं टाकलं, तर ताई तिच्यावर असली कडाडली की आई दिवसभर जेवली नाही. मला ताईचा तेव्हा फार राग आला होता.

पुढच्या रविवारी ताई बाजारातून आली, गच्चीवर गेली आणि धावतच खाली आली. विकतच्या वाटीतलं पाणी निळंच्या निळं होतं आणि तिच्या वाटीतलं नितळ.

"आई, वाट्यांवर काय झाकलं होतंस?"

"म्या न्हाई बाई हात लावला."

"रागवत नाही गं! जमलंय! काय होतं तेवढं सांग."

आई माझ्याकडे बघू लागली. मग तिनं ट्रंक उघडली आणि स्वतःच्या लग्नातलं हळदीचं पिवळं लुगडं काढलं. "फडकी समदी कुरडयांवर हुती. तुज्या अभ्यासावर पोतेरं कसं टाकू? म्हून चांगलं काढलं. तुजी चाहूल लागली तसं उचललं."

ताई तिच्या गळ्यात पडून रडली. हळदीनं उन्हातला तो न दिसणारा भाग अडवला होता. विकतची पावडर उपाशी राहिली आणि ताईची उरलेल्या उजेडावर कामाला लागली.

पण हळद उन्हात उडते, हे काय कुणाला सांगायला हवं? प्रयोग पुन्हा पुन्हा करायचे, म्हणून आई लुगडं पुन्हा पुन्हा हळदीत बुडवायची. त्या उन्हाळ्यात आमची आमटी फिकी आणि लुगडं पिवळंधमक! गाईड खूश झाले. तासगावचे बेदाणे दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेले.

पुढे कॉलेजात उन्हाचा तो भाग अडवणाऱ्या फिल्टरच्या काचा आल्या आणि लुगडं ट्रंकेत गेलं. आई गेल्यावर ताईनं तेवढंच मागून घेतलं. प्रयोगांच्या उन्हानं त्याचा रंग पार उडाला होता.

परवा ताईकडे गेलो, तर व्हरांड्यात सावलीला लुगडं वाळत होतं, पिवळंधमक. मला आईची फार आठवण आली. ताईनं चहाचा कप पुढे केला, तेव्हा तिच्या बोटांना हळद लागलेली होती.