अकरा दिवसांचं व्याज

लाकडाच्या वखारीतले आमचे खडूस हिशेबनीस गिऱ्हाइकांना व्याजाचा एक दिवस सोडत नसत. आपल्या धाकट्या भावाला दिलेल्या कर्जाची चिठ्ठी मात्र ते दरवर्षी नवी करून देत. "मुद्दल राहू दे, व्याज तेवढं घेऊन ये," म्हणत. एरवी त्यांच्या खोलीकडे काळं कुत्रंही फिरकत नसे. भाऊ यायचा त्या दिवशी चहाचे दोन कप निघत.

यंदा भावाने मुद्दलासकट सगळं पुढ्यात ठेवलं आणि चिठ्ठी परत मागितली. हिशेबनीस आयुष्यात पहिल्यांदा हिशेबात खोटं बोलले. "अकरा दिवसांचं व्याज कमी आहे. पुढच्या महिन्यात आणून दे."

"तेवढ्यासाठी कशाला यायचं, दादा? फोनवरून पाठवतो."

भाऊ जिना उतरायच्या आत पैसे आलेसुद्धा. चहाला अजून उकळी फुटायची होती.