खालच्या चौदा ओळी

ऑफिसातल्या गोष्टी कोणी मुद्दाम साठवत नाही. कपाटावर धूळ बसते तशा त्या बसतात, आणि कोणी सहज विचारलं, "काय गं, तुमच्याकडे काय चाललंय?" की भसाभस खाली येतात.

माझ्याकडच्या बऱ्याचशा ई-मेलच्या आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पनवेलजवळ रंग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागले. मुलगी दीड वर्षाची, पाळणाघरात. सहा महिन्यांनी साहेब मला पक्कं करणार होते किंवा घरी पाठवणार होते. घरीच पाठवणार, याबद्दल माझी खात्री होती.

*

एकदा परदेशातून दोन ओळींची मेल आली. खाली अकरा ओळींची सूचना: मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास न वाचता नष्ट करावा, वगैरे. साहेब भारावले. "याला म्हणतात कंपनी." लगेच वकिलांना फोन.

आमची सूचना चौदा ओळींची झाली. "तीन जास्त आहेत," साहेब समाधानाने म्हणाले.

ती आपोआप खाली येण्याची सोय असते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नुसतं 'मिळाली' एवढं कळवायचं असलं तरी मी चौदा ओळी टाइप करायची.

*

आवक-जावक बघायचे उरणकडचे म्हात्रेकाका. एकदा भलत्याच कंपनीची मेल आमच्याकडे आली. काकांनी तिची प्रिंट काढली, मागे नेऊन जाळली, आवक वहीत 'नष्ट केली' असा शेरा मारला. मग आधीच काढून ठेवलेली एक झेरॉक्स फाइलला लावली.

"काका, ही कसली?"

"जाळली तिचीच. उद्या कोणी इचारलं, काय जाळलं, तर दाखवाया नको?"

*

साहेबांच्या पुतण्याचं अमेरिकेत लग्न ठरलं. साहेबांनी आशीर्वाद सांगितले, मी टाइप केले, खाली चौदा ओळी घातल्या. त्यांत होतं, 'वरील मजकुराची कोणतीही जबाबदारी कंपनीवर राहणार नाही.'

पुतण्याने उलट कळवलं, "आशीर्वाद पोचले, काका. लागू पडले नाहीत तर तक्रार कुठे करायची?"

दोन दिवस मी साहेबांच्या केबिनकडे फिरकले नाही.

*

पाचव्या महिन्यात मुलीला ताप आला. पाळणाघरातल्या बाईंना चिठ्ठी लिहिली, 'दोन वाजता औषध द्या.' आणि हात थांबेचना.

बाई म्हणाल्या, "वहिनी, औषध द्यायचं की चिठ्ठी नष्ट करायची, एक काय ते सांगा."

*

त्याच दुपारी मी बहिणीला मेल लिहिली, रोमन लिपीतल्या मराठीत. पोरगी तापाने फणफणलीय, रजा मागायची हिंमत नाही, मागितली तर पक्कं करणार नाहीत, आई म्हणूनही नापास आणि टायपिस्ट म्हणूनही. सवयीने खाली चौदा ओळी. आणि पाठवली नाशिकच्या आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाला. पत्त्यांच्या यादीत बहिणीच्या खालीच त्यांचं नाव होतं.

सकाळी त्यांचं उत्तर आलं. साहेबांनी ते माझ्याआधी वाचलं आणि मला आत बोलावलं. कागद माझ्यापुढे सरकवला.

'आपली मेल चुकून आमच्याकडे आली. सूचनेप्रमाणे न वाचता नष्ट केली आहे. मुलीचा ताप उतरला का?'

मी मान खाली घालून उभी. साहेब बराच वेळ चष्मा पुसत होते.

"उतरला का?"

"थोडा आहे अजून."

"मग घरी जा. जाण्याआधी त्यांना उत्तर टाका. थोडा आहे म्हणावं. आणि बाई पक्क्या झाल्या, असंही लिहा."

मी दारापर्यंत पोचले, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि ह्या मेलखाली ते वकिलांचं काही नको."